शेतीतील टाकाऊ वनस्पतिद्रव्ये कातडी कमावण्यासाठी कशी वापरावीत

क्रोमचे क्षार येण्यापूर्वी झाडांच्या साली, फळे आणि पाने हेच कातडी कमावण्याचे मुख्य साधन होते, त्यामुळे या कामात वनस्पतींचा वापर नवा नाही. नवा आहे तो हा प्रश्न, की झाड तोडण्याऐवजी किंवा त्याची साल काढण्याऐवजी, शेतात आणि शेतमालावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत एरवीही उरणाऱ्या द्रव्यावर हे काम भागेल का. भागते, परंतु सगळे टाकाऊ द्रव्य एका कामाचे नसते. डाळिंबाची साल कातडे कमावते, गव्हाचा कोंडा चुना उतरवण्यास मदत करतो, भाताच्या तुसाची राख सिलिका देते; यांची आपसांत अदलाबदल केली तर माल वाया जातो. पुढील विवेचनाचा मुख्य भर टॅनिन असलेल्या द्रव्यांवर आहे, कारण छोट्या प्रमाणावर काम करणाऱ्यास खरा उपयोग तेथेच होतो. कातडे भिजवणे, चुना देणे, केस व मांस काढणे, चुना उतरवणे या पायऱ्या वाचकास ठाऊक आहेत असे येथे गृहीत धरले आहे.

कोणते द्रव्य कामाचे

टॅनिन म्हणजे कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाशी अनेक ठिकाणी बंध जोडू शकणारे मोठ्या रेणूंचे पॉलिफेनॉल. रेणू फार लहान असेल तर तो तंतूंमध्ये शिरतो पण धरून ठेवत नाही. फार मोठा असेल तर आत शिरतच नाही. साधारणपणे 500 ते 3000 रेणूभाराची पॉलिफेनॉले कमावण्यास योग्य मानली जातात. म्हणूनच एखाद्या अर्कात ‘एकूण फिनॉल’ भरपूर आहेत एवढ्यावरून तो कातडे कमावेल असा निष्कर्ष काढता येत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात फक्त तोच आकडा असेल तर तो अपुरा समजावा.

टॅनिनांचे दोन मोठे वर्ग आहेत. पहिला वर्ग जलविघटनशील, म्हणजे पाण्याशी क्रिया होऊन तुटू शकणाऱ्या, टॅनिनांचा. हिरडा, डाळिंबाची साल आणि आंब्याची कोय ही द्रव्ये या बाजूची. त्यांनी कमावलेले चामडे फिकट, पिवळसर रंगाचे होते आणि उजेडात फारसे लालसर होत नाही. दुसरा वर्ग संघनित टॅनिनांचा. चिंचोक्याचे तपकिरी टरफल, शेंगदाण्याचा लाल पापुद्रा, काजूगरावरची पातळ तपकिरी साल, द्राक्षाच्या बिया, नारळाचे सोडण आणि सुपारी उकळल्यावर उरणारे लाल पाणी यांत ती आढळतात. यांचे चामडे लालसर तपकिरी होते, उन्हात आणखी गडद होते, मात्र भरीव आणि पाण्याला अधिक टिकाऊ असते. बाभळीच्या शेंगांत दोन्ही प्रकारची लक्षणे दिसतात, आणि टाकाऊ मालातील सर्वांत सोपे, सर्वांत खात्रीचे द्रव्य निवडायचे झाल्यास प्रस्तुत लेखकाचे मत त्यांच्याच बाजूने पडेल. बिया काढून टाकल्यास शेंगांच्या टरफलांतील टॅनिनचे प्रमाण आणखी वाढते.

डाळिंबाच्या कोरड्या सालीत टॅनिन चांगल्या मालात 20 टक्क्यांच्या वर जाऊ शकते. हा आकडा मुद्दाम बाभूळ-कुळातील वॅटल वृक्षाच्या सालीशी ताडून पाहावा; तिच्यात 30 ते 40 टक्के टॅनिन असते, आणि ज्या ओकच्या सालीवर युरोपातील कमावणी शतकानुशतके चालली तिच्यात जेमतेम 10 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फळप्रक्रियेतून उरणारी साल ओकपेक्षा सरस ठरू शकते, पण ती जात, पिकण्याची अवस्था आणि वाळवण्याची रीत यांप्रमाणे इतकी बदलते की छापील आकड्यावर विसंबून चालत नाही.

भाताचे तूस, गव्हाचा पेंढा, उसाचे चिपाड, मक्याची बुरकुंडे आणि कापसाच्या पऱ्हाट्या यांत मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन असते. ही द्रव्ये उकळली तर पाणी तपकिरी होते, आणि त्या रंगाला भुलून अनेक जण त्यात कातडे टाकून पाहतात. रंग म्हणजे टॅनिन नव्हे. त्यासाठी पुढील दोन परीक्षा कोणत्याही खोलीत करता येतात.

पहिली जिलेटिनची परीक्षा. पाण्यात 1 टक्का जिलेटिन आणि 10 टक्के मीठ विरघळवून ठेवावे. गाळलेल्या, थंड झालेल्या अर्काच्या काही थेंबांत हे द्रावण घालताच दाट गढूळपणा किंवा साका आला तर टॅनिन आहे. हम्फ्री डेव्ही यांनी 1803 मध्ये ओकची साल, काथ इत्यादी तुरट द्रव्यांची तुलना जिलेटिनने येणारा साका तोलूनच केली होती, आणि प्राथमिक निवडीसाठी ही रीत आजही पुरेशी आहे. दुसरी परीक्षा फेरिक क्लोराइडच्या 1 टक्का द्रावणाची. अर्क अगदी पातळ करून त्यात एक थेंब टाकल्यास निळसर काळा रंग जलविघटनशील टॅनिन दर्शवतो आणि हिरवट काळा रंग संघनित टॅनिन दर्शवतो. मात्र टॅनिन नसलेली साधी फिनॉलेही लोखंडाबरोबर रंग देतात, म्हणून जिलेटिनची परीक्षा नकारात्मक आली असेल तर ही दुसरी विचारात घेऊ नये.

गोळा करणे, वाळवणे, साठवणे

फळांच्या सालीत आणि चोथ्यात साखर असते आणि ओलावा असतो, त्यामुळे ती काही तासांतच आंबू लागते. आंबण्यापेक्षा बुरशी अधिक घातक, कारण अ‍ॅस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरश्या टॅनेज नावाचे विकर तयार करतात आणि ते जलविघटनशील टॅनिनाचे तुकडे करते. साल दिसायला ठीक राहते, पण कमावण्याची ताकद निघून जाते. म्हणून माल आल्या दिवशीच पातळ थरात, सावलीत आणि वाऱ्यावर पसरावा. वाळवणयंत्र असल्यास तापमान 50 ते 60 अंश सेल्सियसपर्यंत ठेवावे. साल वाकवल्यावर न लवचता कटकन मोडली की ती साठवण्याजोगी झाली असे समजावे. ज्या पोत्यावर कुबट वास किंवा पांढरी-हिरवी बुरशी दिसते ते पोते बाजूला काढावे, चांगल्या मालात मिसळू नये; शेंगदाण्याच्या पापुद्र्याच्या बाबतीत तर बुरशीची धूळ आरोग्यासही अपायकारक असल्याने तो चाळताना तोंडावर मुखपट्टी असलीच पाहिजे.

द्राक्षाचा चोथा घेताना बिया वेगळ्या काढाव्यात, कारण टॅनिन मुख्यतः बियांत व काही प्रमाणात सालीत असते, तर गरात साखरच अधिक. द्राक्षबागेत तांबेयुक्त फवारण्या होतात, आणि तांब्याचे क्षार टॅनिनशी संयोग पावून रंग बिघडवतात, म्हणून सालीचा चोथा प्रथम पाण्याने झटपट धुऊन घेणे हिताचे. काजूच्या बाबतीत एक भेद जीवावर बेतू नये म्हणून पक्का लक्षात ठेवावा: गरावरची पातळ साल कामाची, बाहेरचे कठीण कवच नव्हे. कवचातील तेल त्वचेवर फोड आणते, आणि कवचाचे तुकडे मिसळलेली साल उघड्या हातांनी हाताळू नये.

भरडताना पीठ करू नये. 2 ते 5 मिलिमीटरचे तुकडे पुरतात. त्याहून बारीक केल्यास अर्क गाळताना फडके तुंबते आणि चोथ्यात अर्क अडकून राहतो. दळणयंत्राचे लोखंड झिजून मालात उतरते, ही बाब किरकोळ वाटली तरी पुढे काळे डाग पडण्याचे तेच एक कारण असते. भरड माल चाळणीवर असतानाच लोहचुंबक फिरवून घ्यावा.

अर्क काढणे

भांडे स्टेनलेस स्टीलचे, लाकडाचे किंवा उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे असावे. साधे लोखंड, गंजलेला डबा, तुटक्या गॅल्व्हनाइज्ड बादल्या यांना या कामात जागा नाही, कारण लोह आणि टॅनिन मिळून शाईच तयार होते. पाणी शक्यतो मृदू असावे. कठीण पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काही टॅनिनाला साक्याच्या रूपात खाली बसवतात आणि अर्काचा रंग काळपट करतात. साठवलेले पावसाचे पाणी मिळाल्यास उत्तम.

एका किलो कोरड्या भरडीला सुमारे 8 लिटर पाणी हे प्रमाण आरंभासाठी सोयीचे आहे. पाणी 60 ते 70 अंशांपर्यंत तापवून त्यात भरड घालावी आणि तेच तापमान ठेवून अधूनमधून ढवळत दीड ते दोन तास ठेवावे. खळखळून उकळल्याने अधिक टॅनिन निघते ही समजूत फसवी आहे. थोडे अधिक द्रव्य उतरते खरे, पण त्यात पिष्ट, डिंक आणि रंगद्रव्येही येतात, आणि जलविघटनशील टॅनिन दीर्घ उकळीत तुटू लागते. नारळाचे सोडण आणि चिंचोक्याचे टरफल यांसारख्या कठीण, संघनित टॅनिनाच्या द्रव्यांना 80 अंशांपर्यंत नेण्यास हरकत नाही. त्यांच्या अर्कात थंड झाल्यावर लाल साका बसतो. हा न विरघळणारा भाग कमी करण्यासाठी भरडीच्या वजनाच्या 1 ते 3 टक्के सोडियम सल्फाइट पाण्यात घालतात, त्याने उतारा वाढतो आणि अर्क कातड्यात लवकर शिरतो. सल्फाइट घातलेल्या अर्कात पुढे आम्ल टाकताना सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, तेव्हा ते काम उघड्यावरच करावे.

एकदाच भरपूर पाणी घालण्यापेक्षा तेच पाणी पाळीपाळीने फिरवणे फायद्याचे. चार भांडी ओळीने ठेवावीत; ताजे पाणी सर्वांत जुन्या, जवळजवळ निःसत्त्व झालेल्या भरडीवर घालावे, तेथून निघालेला पातळ अर्क त्याहून नव्या भरडीवर, आणि शेवटी सर्वांत दाट होत आलेला अर्क ताज्या भरडीवर. प्रत्येक फेरीनंतर जुना चोथा काढून त्या भांड्यात नवी भरड भरावी. कमी पाण्यात दाट अर्क मिळवण्याची दुसरी इतकी स्वस्त युक्ती नाही, आणि पुढच्या हिशेबात दिसेल त्याप्रमाणे या कामातील खरी अडचण पाण्याचीच आहे.

गाळलेला अर्क काही तास स्थिर ठेवून वरचे स्वच्छ द्रावण ओतून घ्यावे आणि ते शक्यतो दोन-तीन दिवसांत वापरावे. साखरयुक्त अर्क उष्ण हवेत लगेच फसफसू लागतो.

अर्काचे बळ मोजणे

कमावणीच्या जागी बहुधा बार्कोमीटर नावाचा तरंगमापक वापरतात. विशिष्ट गुरुत्वातून 1 वजा करून उरलेल्या अपूर्णांकास 1000 ने गुणले की बार्कोमीटरचे अंश मिळतात, म्हणजे 1.020 गुरुत्वाचा अर्क 20 अंशांचा. हे उपकरण पाण्यात विरघळलेले सर्व काही मोजते. झाडाच्या सालीच्या जुन्या, ओळखीच्या अर्कात त्यावर भिस्त ठेवता येत असे, पण फळांच्या सालीचा 20 अंशांचा अर्क बराचसा साखरेचा असू शकतो. शेतीतील टाकाऊ माल वापरताना सर्वाधिक फसगत याच ठिकाणी होते.

खरे मोजमाप कातडीच्या भुकटीने होते. अर्काचा मोजून घेतलेला भाग आटवून कोरडा केल्यावर एकूण विद्राव्य घन पदार्थ कळतात. तेवढाच दुसरा भाग प्रमाणित कातडी-भुकटीतून गाळून कोरडा केल्यावर टॅनिन सोडून उरलेले पदार्थ कळतात. दोहोंतील फरक म्हणजे टॅनिन. ही रीत आयएसओ 14088 या मानकात दिली आहे आणि चर्मतंत्राच्या प्रयोगशाळा ती करून देतात. प्रत्येक हंगामाच्या मालाचा एक नमुना तरी असा तपासून घ्यावा. टॅनिन आणि टॅनिनेतर पदार्थ यांचे गुणोत्तर 1 च्या खाली असेल तर त्या अर्काने एकट्याने कमावण्याचा आग्रह सोडून तो दाट व्यापारी अर्कासोबत जोड म्हणून वापरावा. टॅनिनेतर पदार्थ अगदीच निरुपयोगी असतात असे मात्र नाही. साखर व सेंद्रिय आम्ले यांमुळे टॅनिन सावकाश आणि मवाळपणे शिरते, ग्रेन म्हणजे कातड्याचा वरचा पृष्ठभाग आखडत नाही. हिरड्याने कमावलेल्या चामड्याच्या मऊपणाचे एक कारण हेच.

हिशेब आधी, कातडे नंतर

समजा, केस व मांस काढून चुना उतरवलेले 10 किलो ओले कातडे केवळ वनस्पतींनी कमावायचे आहे. हलक्या चामड्यासाठीही कातड्याच्या वजनाच्या 15 टक्के शुद्ध टॅनिन धरल्यास 1.5 किलो टॅनिन हवे. डाळिंबाच्या सालीत 20 टक्के टॅनिन आहे आणि त्यातील तीनचतुर्थांश पाण्यात उतरते असे मानले, तर 1 किलो सालीतून 150 ग्रॅम मिळते, म्हणजे 10 किलो साल लागते. एका किलोला 8 लिटर या प्रमाणाने 80 लिटर पाणी झाले. पण फिरत्या ड्रममध्ये 10 किलो कातड्याला 10 ते 15 लिटरच द्रावण चालते. उरलेले 65 लिटर कुठे घालायचे? ते आटवायचे तर इंधन लागते, आणि न आटवता तसेच ओतले तर कातडे अति पातळ अर्कात नुसते लोळत राहते.

आता हाच हिशेब री-टॅनिंगसाठी, म्हणजे आधी क्रोमने किंवा अन्य रीतीने कमावलेल्या चामड्याच्या दुसऱ्या कमावणीसाठी मांडावा. 10 किलो चामड्याला 4 टक्के, म्हणजे 400 ग्रॅम टॅनिन पुरते. त्यासाठी सुमारे 2.7 किलो साल आणि 21 लिटर पाणी लागते, म्हणजे चामड्याच्या वजनाच्या दुपटीच्या थोडे वर. ड्रममध्ये हे कसेबसे बसते, आणि पाळीपाळीने काढलेल्या दाट अर्काने तर सुटसुटीत बसते. म्हणून ज्यांच्याकडे ड्रम आहे त्यांनी टाकाऊ द्रव्याचा आरंभ री-टॅनिंगपासून करावा, आणि ज्यांच्याकडे कुंड आणि वेळ दोन्ही आहेत त्यांनी पूर्ण कमावणीचा विचार करावा, असे येथे स्पष्ट सुचवायचे आहे.

ड्रममध्ये री-टॅनिंग

चामडे हव्या त्या जाडीचे तासून त्याचे वजन करावे. पुढील सर्व प्रमाणे या वजनावर आहेत. क्रोमच्या चामड्याचा सामू 3.5 ते 4 च्या दरम्यान असतो आणि त्याच अवस्थेत वनस्पतीचा अर्क घातला तर टॅनिन पृष्ठभागावरच पकडले जाते, ग्रेन खरबरीत होते आणि आतला गाभा रिकामा राहतो. त्यामुळे सोडियम फॉर्मेट आणि थोडे खाण्याच्या सोड्याचे द्रावण यांनी सामू 4.5 ते 5.5 पर्यंत आणावा. कडेचा काप घेऊन त्यावर ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हे सामूप्रमाणे रंग बदलणारे दर्शक द्रावण लावल्यास संपूर्ण जाडी एकसारखी निळी दिसली पाहिजे. मधोमध पिवळी-हिरवी रेषा असेल तर आणखी वेळ द्यावा. मग पाणी बदलून चामडे धुवावे.

त्यानंतर 35 ते 40 अंश तापमानाचा अर्क दोन हप्त्यांत घालावा, दोहोंमध्ये अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे, आणि एकूण 90 मिनिटे ड्रम फिरवावा. रंग द्यायचा असल्यास आणि तेल द्यायचे असल्यास ते नेहमीप्रमाणे 50 ते 60 अंशांवर द्यावे. शेवटी फॉर्मिक आम्ल दहापट पाण्यात मिसळून, दोन ते तीन हप्त्यांत, सामू 3.6 ते 3.8 होईपर्यंत घालावे. सामू वर असताना टॅनिन आत शिरते आणि खाली आल्यावर जागी बसते. वनस्पतींच्या कमावणीत जे बिघडते ते बहुधा हा क्रम उलटल्यामुळे. ड्रममधील द्रावण अखेरीस फिके पडले असेल तर टॅनिन चामड्याने घेतले. गडदच राहिले असेल तर पुढच्या वेळी प्रमाण कमी करावे, आम्ल वाढवत बसू नये.

या री-टॅनिंगचा आणखी एक लाभ आहे. क्रोमच्या चामड्यात, विशेषतः असंतृप्त माशाचे तेल दिलेले असेल आणि ते उष्णतेत व उजेडात राहिले असेल तर, त्रिसंयुजी क्रोमचा अल्पसा भाग घातक षट्संयुजी क्रोममध्ये बदलू शकतो. युरोपीय संघात त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंसाठी किलोमागे 3 मिलिग्रॅमची मर्यादा 2015 पासून लागू आहे. वनस्पतींची पॉलिफेनॉले ऑक्सिडीकरण रोखतात, त्यामुळे 3 ते 4 टक्के टॅनिनाची जोडही हा धोका कमी करते.

कुंडातील पूर्ण कमावणी

येथे घाई करणाऱ्याचे नुकसान होते. ताज्या, दाट अर्कात कातडे प्रथमच बुडवले तर वरचा थर क्षणात कमावला जातो, तोच पुढच्या टॅनिनाची वाट अडवतो, आणि आत कच्चे राहिलेले कातडे नंतर कितीही दिवस ठेवले तरी सुधारत नाही. म्हणून पहिले कुंड वापरून पातळ झालेल्या, 5 ते 10 अंश बार्कोमीटरच्या अर्काचे असावे आणि त्याचा सामू 5 च्या आसपास असावा. दर दोन-तीन दिवसांनी कातडे त्याहून दाट अर्कात हलवावे, रोज एक-दोनदा वर काढून उलटे करावे, आणि सामू हळूहळू 4 च्या खाली येऊ द्यावा. तापमान 35 अंशांच्या वर जाऊ देऊ नये. पहिल्या दिवसांत कच्च्या कातड्याला त्याहून अधिक उष्णता सोसवत नाही.

शेवटच्या टप्प्यात अर्क आटवण्याच्या खर्चावर एक जुना उतारा आहे. कातड्यांच्या थरांमध्ये बाभळीच्या शेंगांची किंवा डाळिंबाच्या सालीची भरड सरळ पसरावी आणि वर मध्यम दाट अर्क भरावा. टॅनिन जसजसे कातडे ओढून घेते तसतसे भरडीतून नवे उतरत राहते. शेळी-मेंढीच्या पातळ कातड्याला एकूण दोन आठवड्यांपर्यंत, तर जाड कातड्याला अनेक आठवडे किंवा महिने लागतात. हिरडा आणि डाळिंब यांच्या अर्काने चामड्यावर एलॅजिक आम्लाची पांढरट-पिवळी पूड बसते. ती दोष नाही. पायताणाच्या तळव्याच्या चामड्यात ती भर घालते, इतर चामड्यावरून कोमट पाण्याने घासून काढता येते.

कमावले की नाही हे पाहण्याच्या परीक्षा

सर्वांत जाड भागातून, म्हणजे मानेतून किंवा पाठीच्या मागच्या अंगातून, बारीक काप घ्यावा आणि 30 टक्के अ‍ॅसिटिक आम्लात टाकावा. कच्चा भाग फुगून काचेसारखा पारदर्शक होतो. मधे तशी रेषा दिसल्यास कातडे पुन्हा कुंडात जाते.

दुसरी परीक्षा आकसण्याच्या तापमानाची. सुमारे 50 मिलिमीटर लांब आणि 3 मिलिमीटर रुंद पट्टी पाण्यात लटकवून पाणी मिनिटाला 2 अंश या गतीने तापवावे आणि पट्टी कोणत्या तापमानाला आखडते ते टिपावे. आयएसओ 3380 मधील प्रमाणित पद्धत याच तत्त्वावर आहे. कच्चे कातडे 60 ते 65 अंशांवर आखडते, वनस्पतींनी नीट कमावलेले 75 ते 85 अंशांवर, आणि क्रोमचे 100 अंशांपर्यंत टिकते. आपल्या चामड्याचा आकडा 70 च्या खाली असेल तर रंग कितीही खुललेला असो, ते कमावलेले नाही. फाटण्याची ताकद, ओढ सोसण्याची ताकद आणि उजेडातील रंग यांच्या चाचण्या विक्रीपूर्वी प्रयोगशाळेतून करून घ्याव्यात; संघनित टॅनिनाच्या चामड्यात उजेडाची चाचणी टाळू नये.

निळे-काळे ठिपके दिसले तर लोह कोठून आले ते शोधावे. ताजे डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या 1 टक्का द्रावणाने पुसून आणि लगेच धुऊन बरेच कमी होतात, पण हे आम्ल विषारी असल्याने हातमोजे घालावेत.

कोंडा, फळांची विकरे आणि राख

गव्हाचा कोंडा चुना उतरवण्याच्या शेवटी उपयोगी पडतो. कातड्याच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के कोंडा 35 अंशांच्या पाण्यात रात्रभर ठेवला की त्यात लॅक्टिक व अ‍ॅसिटिक आम्ले तयार होतात, ती उरलेला चुना विरघळवतात आणि कातडे मऊ करतात. आंबताना वायू सुटतात व कातडी वर तरंगू लागतात. ती सतत दाबून ठेवावीत, आणि उष्ण हवेत तर दर तासाला पाहावीत, कारण आंबणे हाताबाहेर गेल्यास ग्रेनवर बारीक खड्डे पडतात. रात्रभर कोणी लक्ष ठेवणारे नसेल तर कोंड्याच्या वाटेला न जाता अमोनियम क्षार किंवा सौम्य सेंद्रिय आम्ल वापरणे शहाणपणाचे. अननसाची साल व देठ यांतील ब्रोमेलेन आणि कच्च्या पपईच्या चिकातील पपेन ही प्रथिने पचवणारी विकरे चुना उतरवलेले कातडे मऊ करण्याच्या, म्हणजे बेटिंगच्या, टप्प्यावर चालतात. घरी काढलेल्या रसाचे बळ दर वेळी वेगळे असते, त्यामुळे आधी एका तुकड्यावर 35 अंशांवर दर दहा मिनिटांनी अंगठ्याने दाबून पाहावे. ठसा राहू लागला की थांबावे. विकराला थांबण्याचे भान नसते, आणि एकदा सैल पडलेले ग्रेन घट्ट होत नाही.

भाताचे तूस जाळल्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत राख उरते आणि तिच्यातील बहुतांश सिलिका असते. कॉस्टिक सोड्यात उकळून तिचे सोडियम सिलिकेट करता येते, आणि ते केस काढण्याच्या व कमावणीच्या प्रयोगांत वापरले गेले आहे. मात्र हे काम तीव्र अल्कलीचे आहे व छोट्या जागेत करू नये. तूस फार उच्च तापमानाला जळले असेल तर सिलिका स्फटिकरूप होते; ती कमी विरघळते आणि तिची धूळ फुफ्फुसांना घातक असते.

उरलेले पाणी आणि चोथा

वनस्पतीचे म्हणून ते निरुपद्रवी, असे गृहीत धरून कुंडाचे पाणी नाल्यात सोडू नये. टॅनिनाचे पाणी गडद असते, त्याची ऑक्सिजनची मागणी मोठी असते, आणि टॅनिन सूक्ष्मजीवांनाही आवरत असल्याने ते सावकाश कुजते. दाट अर्क संपेपर्यंत पुढच्या खेपेच्या पहिल्या कुंडात वापरत राहणे हाच पाणी कमी करण्याचा पहिला उपाय. त्यानंतर उरलेल्यात चुन्याचे पाणी घालून साका बसवता येतो व वरचे पाणी शुद्धीकरणाला देता येते.

अर्क काढलेला चोथा शेणाबरोबर कंपोस्टमध्ये जातो, पण त्याला नेहमीपेक्षा अधिक काळ लागतो. सल्फाइट घातलेला चोथा प्रथम धुवावा. भाताचे तूस किंवा नारळाच्या सोडणाचा कोळसा क्रोमचे पाणी गाळण्यासाठी वापरला असेल तर तो मात्र कंपोस्टमध्ये टाकू नये आणि उघड्यावर जाळूही नये. क्रोम आणि अल्कली असलेल्या राखेत जळताना षट्संयुजी क्रोम तयार होऊ शकते. असा माल घातक कचरा म्हणून वेगळ्या, झाकणाच्या पिंपात ठेवून अधिकृत विल्हेवाटीला द्यावा, आणि पिंपावर तारीख, वजन व कोणत्या पाण्यासाठी वापरला हे लिहून ठेवावे.